ई-व्हिसा: अर्ज घरबसल्या, परीक्षा सहारला

व्हिएतनामचा ई-व्हिसा काढायला ना कुठल्या कचेरीत जावं लागतं, ना पासपोर्ट कुणाच्या ताब्यात द्यावा लागतो. सरकारी फी एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. कागद हाताशी असले तर फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो. तरीही माणसं बॅगा घेऊन मुंबईच्या सहार विमानतळावरून घरी परत येतात. दादर-ठाण्यातल्या कुठल्याही ट्रॅव्हल एजंटला कारण विचारा, तो तीनच गोष्टी सांगेल: नाव, तारीख, नाहीतर भलतीच वेबसाइट. व्हिसा नाकारला गेला, हे कारण त्याच्या तोंडी सगळ्यात शेवटी येईल.

जुन्या पद्धतीचा व्हिसा म्हणजे पासपोर्टच्या पानावर चिकटवलेलं स्टिकर. त्यासाठी बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, खेटे घालायचे, बोटांचे ठसे द्यायचे, पासपोर्ट जमा करायचा आणि तो परत हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. अमेरिका आणि युरोपातले शेंगेन देश यांच्यासाठी आजही हेच चालतं. ई-व्हिसात यातलं काही नसतं. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या संगणकात तुमच्या पासपोर्ट क्रमांकापुढे एक नोंद होते की या व्हिसावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत येता येईल. मेलवर येणारी पीडीएफ ही त्या नोंदीची पावती. रेल्वेच्या ई-तिकिटात हातातल्या कागदापेक्षा आरक्षणाच्या तक्त्यात काय आहे ते महत्त्वाचं, तसंच इथे.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. व्हिसा आल्यानंतर पासपोर्ट नवा करून घेतलात तर क्रमांक बदलतो, आणि जुन्या क्रमांकावरचा ई-व्हिसा बहुतेक देशांत निकामी होतो. स्टिकरचा अमेरिकन व्हिसा असेल तर जुना आणि नवा पासपोर्ट जोडीने नेता येतो. ई-व्हिसाला चिकटायला पान नसतं, त्यामुळे पुन्हा अर्ज, पुन्हा फी. म्हणून पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी तो नवा करा, व्हिसाचं मग बघू.

पीडीएफची छापील प्रत मात्र जवळ ठेवाच, मोबाइलची बॅटरी दगा देते. जपानच्या बाबतीत हा सल्ला बरोबर उलटा आहे. भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४पासून जपानचा पर्यटक ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रातूनच करायचा असतो. मिळाल्यावर विमानतळावर तो मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून, वेबसाइट उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील कागद यातलं काहीही चालत नाही. जपानला जाणाऱ्याने पॉवर बँक आणि चालू डेटा ही कागदपत्रंच समजावीत.

‘व्हिसा लागत नाही’ म्हणजे काय

मे महिन्याच्या सुट्टीचं ठरायला लागलं की नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याद्या फिरतात, ‘या देशांना भारतीयांना व्हिसा नाही’. त्यात चार वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढली, आणि ती सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. पण उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरावंच लागतं. थायलंडने १ मे २०२५पासून तशीच सक्ती केली आहे, तुमच्याकडे व्हिसा असो वा नसो. सिंगापूरचंही अरायव्हल कार्ड उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं; तिथे मात्र भारतीयांना व्हिसाही लागतो, आणि तो इलेक्ट्रॉनिक असला तरी सर्वसाधारण पर्यटकाला मान्यताप्राप्त एजंटमार्फतच काढावा लागतो. ही तिन्ही कार्डं फुकट आहेत. त्यासाठी कुणी दीड-दोन हजार रुपये मागत असेल तर तो सरकारी माणूस नाही, मध्यस्थ आहे. वेळ वाचवल्याबद्दल त्याला द्यायचेच असतील तर खुशाल द्या, फक्त ते सरकारी शुल्क आहे असं समजू नका.

इंडोनेशियात, म्हणजे आपल्यासाठी बहुतेक वेळा बालीला, उतरल्यावर मिळणारा व्हिसा आहे. त्याची फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून दचकायचं कारण नाही, रुपिया म्हणजे रुपया नव्हे. हाच व्हिसा आधी ऑनलाइन घेता येतो, तिथली रांग टळते. ३० दिवस मिळतात आणि एकदा आणखी ३० वाढवता येतात.

केनियाने जानेवारी २०२४मध्ये व्हिसा रद्द केल्याची घोषणा केली, बातम्याही तशाच झाल्या. त्याजागी आली ‘ईटीए’, म्हणजे प्रवासाची आगाऊ इलेक्ट्रॉनिक परवानगी, फी ३० डॉलर. विमानाचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जोडायचं, मंजुरीची वाट पाहायची. आता याला व्हिसा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, ते केनियाचं सरकार जाणे. प्रवाशाच्या दृष्टीने फरक शून्य.

ईटीए हे अक्षर दिसलं की ते आपल्यासाठी आहे असंही नाही. ब्रिटनची ईटीए, अमेरिकेची ‘एस्टा’, युरोपची येऊ घातलेली ‘एटियास’ या तिन्ही परवानग्या ज्या देशांच्या नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहेत. भारतीय पासपोर्टवर त्या मिळतच नाहीत. ‘लंडनला जायचंय, ऑनलाइन ईटीए काढून देतो’ असं कुणी म्हणालं की तिथेच नमस्कार करावा. आपल्याला व्हिसा लागतो, आणि त्याचा रस्ता वेगळा आहे.

सगळ्यात फसवा प्रकार तुर्कस्तानचा. तिथला ई-व्हिसा भारतीयांना मिळतो, पण अटीवर: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन यांपैकी एकाचा चालू व्हिसा किंवा निवासाचा परवाना तुमच्याकडे हवा. फॉर्ममध्ये ‘आहे का?’ असं विचारतात. ‘आहे’ वर टिक केली, पैसे भरले की ई-व्हिसा काही मिनिटांत येतो. वेबसाइटने कुठलाही कागद पाहिलेला नसतो. तो पाहायला मागतात विमानतळावर, आणि दुसऱ्या देशाचा ई-व्हिसा तिथे आधार म्हणून धरत नाहीत. स्टिकर किंवा निवासाचा परवाना नसेल तर हातातला तुर्की ई-व्हिसा अस्सल असूनही उपयोगाचा नाही.

या याद्या जुन्याही पटकन होतात. इराणने भारतीय पर्यटकांना दिलेली व्हिसामुक्ती २२ नोव्हेंबर २०२५पासून स्थगित केली. कारण नोकरीच्या आमिषाने तिथे नेलेल्या भारतीयांची फसवणूक आणि अपहरणं झाली होती. गेल्या वर्षीचा फॉरवर्ड आलेला मेसेज अशा वेळी पुरत नाही. तिकीट काढण्याच्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात एकदा त्या देशाचं सरकारी पान उघडून बघायचं.

सरकारी पान कोणतं

गुगलवर देशाचं नाव आणि ‘ई-व्हिसा’ टाकलं की सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा जाहिराती. पानावर झेंडा असतो, राजमुद्रेसारखं काहीतरी असतं, ‘अर्जंट प्रोसेसिंग’ असतं आणि २५ डॉलरच्या कामाचे ८०-१०० डॉलर लावलेले असतात. यातले काही जण पैसे जास्त घेऊन काम करून देतात. काही नुसतेच पैसे घेतात. तिसरा धोका जास्त त्रासदायक: तुमच्या पासपोर्टचं स्कॅन, फोटो, जन्मतारीख हे सगळं अनोळखी माणसाच्या हाती जातं.

ओळखायची खूण पत्त्याच्या शेपटीत आहे. व्हिएतनामचा सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’ने संपतो, तुर्कस्तानचा ‘गव्ह डॉट टीआर’ने, इंडोनेशियाचा ‘गो डॉट आयडी’ने, केनियाचा ‘गो डॉट केई’ने, थायलंडच्या कार्डाचा ‘गो डॉट टीएच’ने. संपतो, हे महत्त्वाचं. मध्ये कुठेतरी ‘गव्ह’ घालून शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ लावलेलं पान सरकारी नसतं. पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लावून घ्या.

पैसे भरतानाची एक गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार आपणच सुरू करावे लागतात. ते न केल्याने व्यवहार दोन-तीनदा फसतो आणि लोक समजतात वेबसाइट बोगस आहे. काम झालं की ते पुन्हा बंद करून टाका. परदेशी साइट प्रत्येक वेळी ओटीपी मागतेच असं नाही.

नावाचा रकाना

आता खरं दुखणं. आपल्या पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. महाराष्ट्रात दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं जोडीने बसलेली असतात. समजा पासपोर्टवर आडनाव पाटील आणि दिलेलं नाव सुनीता सुरेश असं आहे. ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये कधी ‘मधलं नाव’ असा तिसरा रकाना दिसतो, आणि आपला हात सवयीने ‘सुरेश’ तिथे टाकतो. किंवा ‘नाव’मध्ये फक्त सुनीता लिहून मोकळा होतो. दोन्हीकडे गडबड.

भांडण सोडवणारा पुरावा पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली असतो: यंत्राने वाचायच्या दोन ओळी, प्रत्येकी ४४ जागांच्या. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आडनाव येतं, मग बाणासारखी दोन चिन्हं, मग दिलेलं नाव, आणि त्यातल्या दोन शब्दांमध्ये एकच बाण: पाटील<<सुनीता<सुरेश<<<. दोन बाणांच्या आधीचं ते आडनाव, नंतरचं सगळं दिलेलं नाव. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं, त्यामुळे फॉर्ममध्ये हेच गेलं पाहिजे. मधल्या नावाचा रकाना सक्तीचा नसेल तर रिकामा सोडा. विमानाचं तिकीटही याच नावाने काढा.

लग्नानंतर आधार कार्डावर, बँकेत, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव बदललेलं असतं आणि पासपोर्ट माहेरच्या नावावर असतो. असू दे. परदेश प्रवासापुरतं तुमचं नाव पासपोर्टवर आहे तेच. आधार कुणी विचारत नाही.

उलटी अडचण एकशब्दी नावाची. काही पासपोर्टांवर एका रकान्यात एकच शब्द आणि दुसरा कोरा असतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२पासून अशा एकशब्दी नावाच्या प्रवाशांना टुरिस्ट व्हिसावर येऊ देणं बंद केलं. दुबईचा बेत असेल तर पासपोर्टमध्ये आडनाव घालून घेणं हे पहिलं काम, आणि ते आठवडाभरात उरकेल या भरवशावर तिकीट काढू नका.

पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर यांचा घोळ होतो. बहुतेक भारतीय पासपोर्टांचा क्रमांक म्हणजे सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात आकडे. म्हणजे पुढे जे गोल दिसतंय ते शून्यच. काही फॉर्मांत तारखेत महिना आधी मागतात. ५ सप्टेंबरचा जन्म ९ मेचा होऊन बसतो आणि यंत्राला त्यात काही चुकीचं वाटत नाही. पासपोर्ट कुठे दिला या प्रश्नाला पानावर जे छापलंय तेच उत्तर. ‘ठाणे’ असेल तर ठाणे, आज तुम्ही राहत असाल विरारला.

फोटोचं फारसं सांगण्यासारखं नाही: पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून, चेहऱ्यावर सावली नको. पासपोर्टच्या पानाचं स्कॅन मात्र नीट घ्या. खालच्या त्या दोन ओळी कापल्या गेल्या किंवा ट्यूबलाइटची चमक बरोबर त्यांच्यावर आली तर अर्ज परत येतो.

तारखा

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या आगेमागे सुटतात आणि तारखेचा गोंधळ इथूनच सुरू होतो. तिकिटावर १४ तारीख, रात्री साडेबारा असं असेल तर घरातून १३ च्या संध्याकाळी निघायचं असतं. हे बहुतेकांना माहीत असतं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये मात्र घरातून निघण्याची किंवा विमान सुटण्याची तारीख न लिहिता त्या देशात पाय ठेवण्याची लिहायची. १३ च्या रात्री अकराला सुटलेलं विमान हनोईला १४ तारखेच्या पहाटे उतरतं, तिथलं घड्याळही आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. व्हिएतनामचा व्हिसा तुम्ही मागितलेल्या तारखेपासून सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी आत घेत नाहीत. एखादा दिवस आधीपासून मागितलात तर बिघडत नाही.

दुसरं, व्हिसाची वैधता आणि राहण्याची मुदत वेगळी असते. अझरबैजानच्या ई-व्हिसावर ९० दिवसांची वैधता दिसते आणि राहता येतं ३० दिवस. त्या ९० दिवसांच्या खिडकीत कधीही जा, पण एकदा गेलात की तिसापर्यंत बाहेर. व्हिएतनाममध्ये १५ ऑगस्ट २०२३पासून ९० दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो आणि त्यात छापलेल्या दोन तारखांच्या आतच काय ते जायचं-यायचं. एक प्रवेश की अनेक, हेही बघा. मध्येच शेजारच्या कंबोडियात दोन दिवस जाऊन अंगकोर वाट पाहून यायचं असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपला.

आणि ‘तीन दिवसांत मिळतो’ म्हणजे तीन कामाचे दिवस, त्यांच्या कॅलेंडरचे. जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएतनामची तेत नावाची नववर्षाची सुट्टी येते, तेव्हा कचेऱ्या बंद असतात.

काउंटरवर काय होतं

ई-व्हिसा पहिल्यांदा तपासला जातो तो मुंबईतच, विमानतळाच्या टी-टू, म्हणजे दोन नंबरच्या टर्मिनलच्या, चेक-इन काउंटरवर. म्हणून परदेशी जाताना वेब चेक-इन करूनही पुष्कळदा बोर्डिंग पास हाती येत नाही, ‘कागदपत्रं दाखवा’ असा संदेश येतो. विमान कंपनीला एवढी पडलेली असते त्यालाही कारण आहे. कागद अपुरे असलेला प्रवासी त्या देशाने परत पाठवला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीची, वर अनेक देश दंडही ठोकतात.

काउंटरवरचा मुलगा किंवा मुलगी पासपोर्ट यंत्रावर फिरवते आणि पडद्यावर ‘टिमॅटिक’ उघडतं. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आयाटाचा, हा नियमांचा साठा. कुठल्या पासपोर्टला कुठल्या देशात काय लागतं, ते तिथे लिहिलेलं असतं. पासपोर्टला सहा महिने शिल्लक आहेत का? मलेशिया, इंडोनेशियासह अनेक देश ते मागतात. परतीचं तिकीट? हॉटेलचं बुकिंग? मग ई-व्हिसावरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टशी अक्षर-अक्षर लावून बघतात. तिथे ‘अहो, एकच अक्षर चुकलंय’ म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. त्या माणसाला ते अक्षर माफ करायचा अधिकारच नाही. पासपोर्टचं पान फाटलेलं किंवा भिजून फुगलेलं असलं तरी अडवतात. बायकोला न सांगता केलेल्या बँकॉक वारीचं पान फाडून टाकणारे महाभागही असतात. पासपोर्टशी असली छेडछाड १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे.

दोन वेगवेगळी तिकिटं काढून वाटेत विमान बदलणार असाल तर आणखी एक पेच. एकाच तिकिटावर बॅग थेट शेवटच्या मुक्कामी जाते. वेगळ्या तिकिटांवर बहुधा मधल्या देशात बॅग ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि बॅगेच्या पट्ट्यापर्यंत जायचं म्हणजे त्या देशात प्रवेश. मग तिथलाही व्हिसा किंवा अरायव्हल कार्ड हवं. स्वस्तातल्या तिकिटाचा हिशेब करताना हे धरा.

त्यानंतर आपलं इमिग्रेशन. पूर्वी इथे भरावं लागणारं डिपार्चर कार्ड भारतीयांसाठी १ जुलै २०१७पासून बंद झालं. कुठे, किती दिवस, कशासाठी, एवढं विचारतात. आई-काकूंच्या पासपोर्टवर कधी ‘ईसीआर’ असतं, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागेल असा शेरा, कारण दहावीचं सर्टिफिकेट जोडलेलं नसतं. त्याने घाबरू नका. १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) कायद्यातली ती मंजुरी आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया धरून १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. सहलीला जाणाऱ्याने परतीचं तिकीट आणि हॉटेल दाखवलं की पुरतं. पण टुरिस्ट ई-व्हिसा देऊन ‘तिथे गेल्यावर वर्क परमिट करू’ म्हणणाऱ्या एजंटपासून चार हात दूर राहा. कंबोडिया, लाओस, म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर असेच नेलेले तरुण अडकले, आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार सावध केलं आहे. टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदा असल्याने तिथे तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

पलीकडे उतरल्यावर शेवटचा शब्द तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा. ई-व्हिसा असूनही तो परत पाठवू शकतो. राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर असलं की बहुतेकांचं काम तिथेच आटोपतं.

केनियाला सफारीसाठी जाणाऱ्यांना एक कागद परतताना लागतो. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे भारत लसीचं सर्टिफिकेट मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते आणि सर्टिफिकेट लागू होतं ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी. जुन्या पिवळ्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी जुलै २०१६पासून ती आयुष्यभरासाठी धरतात. ईटीए तीन-चार दिवसांत येतो, लसीचे दहा दिवस कमी करता येत नाहीत, म्हणून आफ्रिकेच्या बेतात लसीची तारीख आधी मिळवायची.